तिच्या आवडीचे ताट

गेल्या हिवाळ्यात आमच्या निकाहाला तीस वर्षे झाली. मुलांचा बेत हॉटेलचा होता. आम्ही मात्र जाहीर केले, की त्या रात्रीचा स्वयंपाक आमच्या हातचा, आणि तो फक्त हिच्यासाठी. मुलगी हसली, सून घाबरली. ही एवढेच म्हणाली, "करा. पण भांडी मोजून काढा."

कोल्हापुरात पुरुषांना स्वयंपाक येत नाही असे कोणी म्हणू नये. दावतीची देग चढवणारे, बिर्याणीचा दम वासावरून ओळखणारे बावर्ची पुरुषच असतात. मटणाच्या पातेल्याभोवती उभे राहून मिठावरून वाद घालणारेही आम्हीच. दोनशे माणसांसाठी आमचे हात चालतात. घरातल्या एका माणसासाठी चालत नाहीत. म्हणजे अडचण न येण्याची नाही, न करण्याची आहे.

विषय निघाला की आपल्यातले काहीजण धर्म पुढे करतात. निकाहाच्या करारात मेहर आहे, नफका म्हणजे पत्नीचा निर्वाहखर्च आहे. स्वयंपाकाचे कलम कोठे आहे? अकराव्या शतकातल्या इब्न हज्म यांनी 'अल-मुहल्ला'त स्पष्ट लिहिले आहे, की रांधणे पत्नीवर बंधनकारक नाही. हनफी फिकहाने ते नैतिक कर्तव्य मानले, पण काझीने सक्ती करावी असे नव्हे. पैगंबर (स.) घरी काय करीत, या प्रश्नावर हजरत आयशा (र.) यांनी दिलेले उत्तर बुखारीत आहे: घरच्यांची कामे करीत, नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. हजरत फातिमा (र.) जाते ओढीत हे आम्हाला पाठ असते. त्या जात्याने हात दुखतात म्हणून त्या मदतनीस मागायला गेल्या होत्या, हे सांगायचे राहून जाते.

हे सारे आम्हाला ठाऊक होते. दसरा चौकातली समतेवरची भाषणे ऐकून आम्ही घरी येत होतो, आणि वाढलेल्या ताटावर बसत होतो.

तर त्या रात्री आम्ही पांढरा रस्सा करायला घेतला. मटण शिजवून अळणी काढली, खसखस, तीळ, काजू वाटले. नारळाचे दूध घातल्यावर रस्सा उकळू द्यायचा नसतो. आम्ही फोनवर बोलत राहिलो आणि रस्सा फुटला. ओट्यावर सांडलेले वेगळेच. तरी हिने दोन वाट्या घेतल्या.

"आवडला?"

"चांगला झालाय. तुम्हाला पांढरा लई आवडतो ना."

घास तिथेच थांबला. मेजवानी तिच्यासाठी, आणि पदार्थ आमच्या आवडीचा! मग विचारले, तुला काय आवडते? ती बराच वेळ गप्प राहिली. रुसवा नव्हता, तिला खरेच आठवावे लागत होते. तीस वर्षे ती शेवटी जेवली, उरले ते जेवली.

2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात, करणारे पुरुष 88. आमचे एक मित्र म्हणतात, असे असताना वर्षातून एकदा बायकोसाठी रांधणे हे निव्वळ नाटक. मित्राचे अर्धे बरोबर आहे. तिच्या हजारो जेवणांना कोणी भेट म्हटले नाही, आमच्या एका फुटक्या रश्श्याचे मोबाइलवर फोटो निघाले. पण नाटक म्हणून ते केलेच नसते तर? मग तो प्रश्न आम्ही विचारलाच नसता. कर्तव्याची वाटणी मिनिटांत मोजता येते, मोजलीही पाहिजे. समोरच्या माणसाच्या जिभेला काय हवे हे माहीत असणे मात्र मिनिटांत बसत नाही. तिला आमचे मीठ, तिखट, कोणत्या दिवशी पोट बिघडते, सारे पाठ आहे. आमच्याकडे तिच्याबद्दल तसले काहीच नव्हते. या अज्ञानाला प्रेम म्हणावे का, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती आपणहून म्हणाली, "कारल्याची भाजी. अम्मी करायच्या. तुम्हाला वाससुद्धा नको असतो, म्हणून इथं कधी केली नाही."

रविवारी आम्ही मंडईतून अर्धा किलो कारली आणली. तिने स्वयंपाकघरात यायचे नाही असे ठरले होते. ती उंबऱ्यावर उभी राहून सांगत होती, "आधी चिरा, मग मीठ लावा. अहो, बिया काढा त्या."