स्मरण आणि वय

मनुष्यदेह हा साधनेचा देह आहे, हे पंथीय वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु हा देह दोन वर्षेही एकसारखा राहत नाही, याचा विचार मात्र क्वचितच होतो. बाळाचा देह, तरुणाचा देह आणि वृद्धाचा देह यांना आपण एकच नाव देतो. त्यांची सामर्थ्ये मात्र भिन्न असतात. धर्म ज्या देहाकडून आचरावयाचा, तो देहच वयोमानाने बदलत असेल, तर कोणत्या वयाकडून काय अपेक्षावे? हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. तो आज अनेक वासनिकांच्या घरांत उंबरठ्याशी येऊन उभा आहे.

चाळीस वर्षे पहाटे उठून नामस्मरण केलेली एखादी माता ऐंशीव्या वर्षी पोटच्या पुत्राला 'आपण कोण?' म्हणून विचारते. जेवण झाले की नाही, हे तिला आठवत नाही. पुत्र आश्रमात येतो, दंडवत घालतो आणि विचारतो, ''बाबा, आईला आता नाव घ्यायचेही सुचत नाही. तिने जन्मभर केले ते सारे गेले काय?'' ज्या पंथात नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हेच असन्निधानातील साधकाचे मुख्य साधन मानले आहे, त्या पंथाला या प्रश्नाचे उत्तर टाळता येत नाही. आठवणेच जेथे साधन, तेथे आठवण हरपलेल्या जीवाचे काय?

उत्तर शोधण्यासाठी आरंभापासून पाहिले पाहिजे. जन्मसमयी बालकाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश वजनाचा असतो. दोन वर्षांत तो सुमारे तीन चतुर्थांश होतो आणि सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ नऊ दशांश. गर्भातील शेवटच्या महिन्यांत श्रवण सुरू झालेले असते; नवजात बालक परक्या स्त्रीच्या आवाजातून आपल्या मातेचा आवाज वेगळा ओळखते, हे 1980 साली प्रयोगाने दाखविले गेले. म्हणजे बोलणे येण्यापूर्वी ऐकणे येते. या अवस्थेत बालक स्वतःचे काहीच सांभाळू शकत नाही. त्याची भूक, त्याची झोप, त्याचे नाव देखील दुसरे कोणी तरी लक्षात ठेवते. मनुष्यजीवनाचा आरंभ स्वतःच्या आठवणीने होत नाही. तो इतरांनी आपली आठवण ठेवल्याने होतो.

पुढे बुद्धी पायऱ्यापायऱ्यांनी उघडते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (1896–1980) यांनी बालकांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखविले की लहान मुलाची बुद्धी ही मोठ्या माणसाच्या बुद्धीची लहान प्रत नव्हे. तिची रीतच वेगळी असते. सात वर्षांच्या आतील मूल जे दिसते त्याला सत्य मानते. एका भांड्यातले पाणी अरुंद, उंच भांड्यात ओतले की ते वाढले, असे ते सांगते. सात ते अकराच्या दरम्यान प्रत्यक्ष वस्तूंविषयी नीट तर्क करता येऊ लागतो. डोळ्यांपुढे नसलेल्या तत्त्वाचा विचार साधारण अकरा-बाराव्या वर्षानंतर सुरू होतो. शिवाय मेंदूच्या पुढील भागातील जी केंद्रे आवर घालण्याचे आणि परिणाम तोलण्याचे काम करतात, त्यांची पक्वता पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते.

यातून एक विवेक निघतो. पाच वर्षांच्या बालकाच्या कानी नाम घालावे. ते त्याला नाद म्हणून, मांडीची ऊब म्हणून घेईल, आणि ते घेणे व्यर्थ नाही. परंतु त्याच बालकाने मान डोलावली म्हणून त्याने जन्माचा निर्णय केला, असे समजणे योग्य नव्हे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर यांचा भेद ज्या बुद्धीने जाणावयाचा, ती बुद्धी त्याच्यात अद्याप उमललेली नसते. बालकाला नाम द्यावे, त्याच्याकडून निर्णय मागू नये. अनुसरण हे जाणून करावयाचे असते. न जाणता झालेले अनुसरण हे घरच्यांचे असते, त्याचे नसते.

जशी घाई चुकीची, तसा विलंबही चुकीचा. चार आश्रमांच्या कल्पनेने शंभर वर्षांचे आयुष्य गृहीत धरून परमार्थ शेवटच्या भागात ठेवला. प्रत्यक्षात देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे 32 वर्षे होते. बालमृत्यूंमुळे हा आकडा इतका खाली होता हे खरे. तरी असंख्य माणसांना म्हातारपण दिसलेच नाही, हेही तितकेच खरे. आता ते सत्तरीच्या आसपास आले आहे, त्यामुळे 'निवृत्त झाल्यावर पाहू' हा शब्द अधिकच सोपा झाला आहे. पण आयुष्य लांबले म्हणून शिकण्याचे सामर्थ्य त्याच मापाने लांबत नाही. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी 1963 मध्ये बुद्धीचे दोन प्रकार विशद केले: नवे चटकन आकळणारी बुद्धी, आणि साठविलेल्या ज्ञानातून परिपक्व होणारी बुद्धी. पहिली तारुण्यानंतर हळूहळू उतरते. दुसरी पुष्कळांत साठीपर्यंत आणि त्यापुढेही टिकते. साठाव्या वर्षी नवे सूत्र पाठ करणे कठीण जाते. विसाव्या वर्षी पाठ केलेल्या सूत्राचा अर्थ मात्र साठाव्या वर्षी अधिक उकलतो. परंतु ज्याने विसाव्या वर्षी काही साठविलेच नाही, त्याने उतारवयात कशाचा अर्थ उकलावा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फ्रेंच विद्वान तेओद्यूल रिबो यांनी 1881 मध्ये स्मृतिनाशाचा क्रम सांगितला: जे अलीकडे मिळविले ते आधी जाते, जे फार पूर्वी रुजले ते शेवटी जाते. 1906 मध्ये जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृती विद्वत्सभेपुढे मांडली. त्यांच्याच नावाने तो रोग आज ओळखला जातो. अशा रोगात कालचे जेवण विसरलेली व्यक्ती बालपणीचे गीत म्हणू शकते, असे अनेकदा दिसते. आणखी एक उदाहरण उद्बोधक आहे. हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थांच्या मेंदूवर 1953 साली शस्त्रक्रिया झाली आणि नवीन काही लक्षात ठेवण्याची त्यांची शक्ती गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून आकृती गिरविण्यास दिली. दररोज ते म्हणत, हे आपण कधी केलेले नाही. पण दररोज त्यांचा हात अधिक सफाईने चाले. मनाने नाकारलेला अभ्यास हाताने राखला होता.

तेव्हा त्या मातेचे चाळीस वर्षांचे पहाटेचे नाम सहज पुसले गेले, असे म्हणता येत नाही. पुत्राचे नाव गेल्यावरही ओठांवर नाम येऊ शकते. परंतु येथेच थांबणे अप्रामाणिक होईल. कोणी म्हणेल, ओठ हलणे म्हणजे स्मरण नव्हे. सवय आणि साधना एक कशी? आक्षेप खरा आहे. शिवाय रोग वाढत जातो आणि एक दिवस ओठही थांबतात. सकळ लिपीत पोथ्या उतरविणाऱ्या लेखकाचा हात म्हातारपणी थरथरला, तरी त्याचे ज्ञान जात नाही, ही उपमा येथे अपुरी पडते. कारण येथे थरथरतो तो हात नसून जाणण्याचे करणच आहे.

मग उत्तर काय? करण देहाचे आहे आणि देह प्रपंचातला आहे. करण मोडले म्हणजे जीव मोडला, असे आपले शास्त्र मानीत नाही. दोन महिन्यांच्या बालकाला नाम घेता येत नाही म्हणून त्याला कोणी दोष देत नाही, कारण दोष सामर्थ्याच्या मापानेच लागतो. ज्या मापाने बालक निर्दोष, त्याच मापाने ही माताही निर्दोष. सामर्थ्य असताना जिने केले, तिचे केलेले झालेले आहे. न झालेले होत नाही. गतीचा निर्णय ईश्वराधीन आहे, आणि ईश्वर मनुष्याप्रमाणे शेवटच्या दिवसाचीच नोंद पाहून हिशेब करीत असेल, असे मानण्याचे कारण नाही.

आचाराचा प्रश्न उरतो, तो मातेचा नसून पुत्राचा. 2007 च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाचे दायित्व मुलांवर टाकले आहे. कायदा अन्नवस्त्र मागू शकतो; याहून अधिक मागणे त्याच्या हाती नाही. पुत्राने पहाटे तिच्यापाशी बसावे आणि जे नाम ती घेत असे, ते तिच्याच चालीत, तिच्याच वेळेला घ्यावे. 'ओळख पाहू, मी कोण?' अशी परीक्षा घेऊ नये; तीत तिचे अपयश आणि आपले दुःख यांवाचून काही निष्पन्न होत नाही. तिने त्याला त्याचे नाव येण्यापूर्वी नावाने हाक मारली होती. आता तिचे नाव जाऊ लागले असता त्याने तिला हाक मारावी.

हे पंथाला अपरिचित नाही. म्हाइंभटांनी लीळा एकत्र केल्या त्या एका मनुष्याच्या स्मरणातून नव्हे. ज्याने जे पाहिले, ज्याला जे आठवले, ते त्याच्यापाशी जाऊन विचारून घेतले. पुढेही हिराइसेसारख्यांच्या नावाने पाठ ओळखले गेले, कारण ते कोणाच्या तरी हृदयात राहिले होते. ज्याला एक लीळा आठवली नाही, तो पंथाबाहेर पडला नाही; त्याच्याऐवजी दुसऱ्याने ती आठवली. साधकाचे स्मरण त्याचे स्वतःचे असते, आणि तरीही ते एकट्याचे नसते. जोवर करण साथ देते तोवर प्रत्येकाने आपले स्मरण आपण करावे, उद्यावर टाकू नये. ज्याचे करण थकले, त्याच्यापाशी बसून ते दुसऱ्याने करावे. पुत्राला देण्याजोगे उत्तर एवढेच: तिचे काही गेलेले नाही, आता पाळी तुझी आहे.