रोगाची सीमारेषा

माणूस रोगी केव्हां ठरतो, हा प्रश्न वरवर पाहतां वैद्यांचा वाटतो. परंतु त्याला नीतीचेंहि एक अंग आहे. सर जॉर्ज पिकरिंग (१९०४–१९८०) या इंग्रज संशोधकाच्या आयुष्याचा मोठा भाग या प्रश्नापायीं खर्ची पडला. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकशाळेंत ते १९३९ पासून प्राध्यापक होते. १९५६ सालीं ते ऑक्सफर्डला गेले.

उच्च रक्तदाबाचें निश्चित कारण बहुतेक रोग्यांत सांपडत नाहीं. असा दाब हा एक स्वतंत्र रोग असून तो एकाच जनुकाच्या योगें कुळांत उतरतो, असें मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट प्रतिपादीत असत. पिकरिंग व त्यांचे सहकारी यांनीं सामान्य माणसांचे आणि रोग्यांच्या आप्तांचे दाब मोजले, व १९५४ सालीं सांगितलें कीं, या आंकड्यांच्या रांगेंत निरोगी आणि रोगी यांना वेगळे करणारी फट कोठेंच नाहीं. उंचीप्रमाणें दाबहि माणसागणिक थोडाथोडा बदलतो; तो अनेक जनुकें व परिस्थिति मिळून ठरवितात. रेषा निसर्गानें ओढलेली नाहीं, ती आपण ओढतों!

हा वाद वर्षानुवर्षें चालला. एकाच जनुकाच्या बिघाडानें दाब वाढणारीं कांहीं कुटुंबें पुढें खरोखरच सांपडलीं. १९९२ सालीं रिचर्ड लिफ्टन यांच्या मंडळीनें असा एक बिघाड उघडकीस आणला. पण तीं कुटुंबें विरळा. २०१८ सालीं दहा लाखांहून अधिक माणसांच्या अभ्यासांतून दाबाशीं निगडित अशीं ५३५ नवीं जनुकस्थानें प्रसिद्ध झालीं. पूर्वीचीं धरून तीं नऊशेंच्या वर जातात, आणि एकेकाचा परिणाम अगदीं अल्प! पिकरिंगांचा पक्ष बव्हंशीं खरा ठरला.

मग डॉक्टरानें काय करावें? गोळी द्यावी किंवा न द्यावी, मधली वाट नाहीं. म्हणून रेषा हवीच. अमेरिकन तज्ज्ञांनीं २०१७ सालीं ती १४०/९० वरून १३०/८० वर आणली, आणि तेथील प्रौढांत दाबाचे रोगी शेंकडा ३२ चे सुमारें ४६ झाले. कोणाच्याहि धमनींत त्या दिवशीं कांहीं बदललें नव्हतें. ही फसवणूक नव्हे, कारण धोका खालच्या आंकड्यांपासूनच पायरीपायरीनें चढत असतो. परंतु रोग्याला ती रेषा दैवाची म्हणून सांगणें मला अप्रामाणिक वाटतें. रेषेखालचा निष्कारण निर्धास्त राहतो, आणि वरचा निष्कारण खचतो. खरें सांगितलें तर कोणी गोळ्या फेंकून देईल, ही भीति मात्र खोटी नाहीं; पक्षाघात तर्क पाहून येत नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका वृद्ध शिक्षकांना डॉक्टर म्हणाले, "आजपासून तुम्ही दाबाचे रोगी." त्यांनीं विचारलें, "गेल्या महिन्यांत १३८ होता, तेव्हां मी कोण होतों?" डॉक्टर हंसले, आणि मग अर्धा तास बसून त्यांनीं सारें समजावून दिलें. गुरुजी आतां गोळी नेमानें घेतात, आणि मध्यंतरीं बंद केलेलें टेंकडीवर जाणें त्यांनीं पुन्हां सुरू केलें आहे.