आभासी उड्डाण आणि खरे ज्ञान

संगणकाच्या पडद्यावरील सिम्युलेटरवर सेस्ना १७२ विमानातून न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर केलेले उड्डाण आभासी असते. मग त्यातून मिळणारे ज्ञानही आभासीच का? जमिनीवरील खुणा पाहत असे उड्डाण करताना व्हेरझानो पूल, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, जॉर्ज वॉशिंग्टन पूल हे टप्पे नकाशा, होकायंत्र आणि घड्याळाशी ताडून पाहावे लागतात.

अद्वैत वेदान्त सत्तेचे प्रातिभासिक (केवळ भासणारा), व्यावहारिक (रोजच्या व्यवहारातला) आणि पारमार्थिक (अंतिम) असे तीन स्तर मानतो. दोरीवर भासणारा साप प्रातिभासिक असतो; तो दोरीच्या ज्ञानाने नाहीसा होतो. पडद्यावरचा पूल मात्र, तो चित्र आहे हे ठाऊक असूनही दिसतच राहतो आणि कुणाला फसवत नाही. म्हणून त्याला भ्रम म्हणता येत नाही. सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीच्या मते ज्ञानाची कसोटी सफल कृतीत असते. पडद्यावर शिकलेला खुणांचा क्रम खऱ्या हडसनवरही उपयोगी पडतो, म्हणजे तेवढे ज्ञान या कसोटीला उतरते.

कर्माचे तसे नाही. पडद्यावर विमान कोसळले तरी कुणाचा जीव जात नाही आणि एक बटण दाबून उड्डाण पुन्हा सुरू करता येते. जिथे परिणाम भोगावा लागत नाही तिथे कौशल्याचा सराव होतो, धैर्याची किंवा जबाबदारीची परीक्षा होत नाही.