काढलेलं जातं कुठं?

"मामा, गेम चालूच होईना गेलाय. म्या काहीच केलं नाही बरं का."

परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीत बावीस वर्षं गेली, पण 'काहीच केलं नाही' असं न म्हणता मशीन टेबलावर ठेवणारं गिऱ्हाईक अजून भेटायचंय. हा तर सख्खा भाचा. गंगाखेडहून एसटीत सीपीयू मांडीवर घेऊन आलेला. गेम स्कायरिम, २०११ सालचा. त्यावर यानं चढवलेले ६४ मॉड, म्हणजे वरून जोडलेले फेरफार. कुणी झाडं बदललेली, कुणी घोडे, कुणी चिलखतं. सुरू केला की काळा पडदा, आणि मेन्यू दिसायच्या आत परत डेस्कटॉप.

सगळे मॉड बंद केले. गेम ठणठणीत. म्हणजे मूळ निर्दोष, मळ वरून आलेला; वेदान्त्याला बरं वाटेल असं निदान. मग निम्मे लावून बघायचे, बिघडलेल्या निम्म्यांतले पुन्हा निम्मे. ६४ चे ३२, ३२ चे १६, सहा फेऱ्यांत चोर सापडतो. शास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, आमच्यात 'आधी रॅम काढून बघ'.

सापडलं ते एक चिलखतांचं मॉड. गंमत म्हणजे त्यात खोट काहीच नव्हती. ते दुसऱ्या एका मॉडच्या आधारावर उभं होतं. त्या दुसऱ्यानं नदीच्या पुलावर दरोडेखोर आणून बसवले होते, ते फार छळतात म्हणून भाच्यानं आठवड्यापूर्वी ते मॉडच डिलीट केलेलं. दरोडेखोर गेले, त्यांची चिलखतं मालकाची वाट बघत राहिली. 'काहीच केलं नाही' ते हे!

चिलखतंही काढली, गेम उघडला. भाच्यानं जुना सेव्ह लोड केला, १४० तासांचा. पुलापर्यंत गेला आणि गेम पुन्हा बंद. मॉड काढलं तरी त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहतात. दरोडेखोर नाहीत, पण त्यांना उभं करायची आज्ञा तिथं अजून फिरतेय. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य कुंभाराच्या चाकाचा दाखला देतात: ज्ञान झालं तरी देह लगेच पडत नाही, वेग मिळालेलं चाक तो ओसरेपर्यंत फिरणारच. प्रारब्ध ते हेच. फक्त या सेव्हमधल्या चाकाचा वेग ओसरत नाही.

"नवीन गेम सुरू कर," मी म्हणालो. त्यानं असं बघितलं की जणू मी त्याला मरून पुन्हा जन्म घे म्हणालो. म्हणालोच होतो म्हणा.

रोज दुकान उघडलं की ज्ञानेश्वरीचं एक पान वाचतो, म्हणून संत एकनाथ आठवले. ग्रंथ १२९० चा. पुढं तीनएकशे वर्षं नक्कल करणाऱ्या प्रत्येकानं आपापलं काहीतरी घातलेलं. पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, तो शुद्ध केला. कोरी मूळ प्रत पुन्हा उतरवून घ्यायची सोय त्यांना नव्हती; हातात होत्या त्या मळलेल्या पोथ्यांतूनच वाट काढायची होती. शेवटी त्यांनी बजावलं, यात जो आपली ओवी घुसडील त्यानं अमृताच्या ताटात नारळाची नरोटी ठेवली असं समजा. आता हे बजावणंही ओव्यांतच आहे, आणि ग्रंथाच्या अखेरीस छापलेलं असतं. भर घालू नका, ही भर! नाथांची थट्टा करायची माझी छाती नाही. पण मला त्यांचा मार्ग पटतो तो यासाठीच: त्यांनी ग्रंथ निर्मळ केला, आणि करताना आपला हात लागला हे लपवलं नाही. दुरुस्ती करणाराही त्या वस्तूत थोडा उरतोच. भाच्याच्या मशीनमध्ये आता मीही आहे.

भाच्यानं नवा गेम सुरू केला नाही. जुन्यातच खेळतो. पुलावरून जात नाही, थोडं वरच्या अंगाला जाऊन नदी पोहून ओलांडतो.