पुतळ्यात दुसरा माणूस कुठे आहे?

मोठा माणूस गेला की पुतळ्याची मागणी होते आणि दोन दिवसांत सगळी चर्चा फुटांवर येते. ‘भव्य पुतळा हीच खरी श्रद्धांजली’ हे वाक्य मला खुपतं. त्यात उंची तेवढी उरते. गेलेल्याची शेवटपर्यंत शुश्रूषा केलेल्यांना, मागे राहिलेल्यांना जागाच नसते.

आपल्याकडे अशी जागा होती. वीरगळ हा आपण पराक्रमाचा दगड समजतो. खालच्या चौकटीत लढाई, गुरं, आडवा पडलेला वीर. इथेच आपली नजर थांबते. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेत असतात. पडलेल्याला कुणीतरी सावरून नेलं, हे गावाला दगडात कोरून हवं होतं.

पुढचा रस्ता ओळखीचा आहे: जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, शिल्पकार म्हात्रे आणि करमरकर, मग चौकाचौकांतले ब्राँझचे पुतळे. वास्तववाद आला, पुतळे मोठे झाले आणि शोक हरवला, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. आकार दोषी असता, तर शिल्पकार राम सुतारांची गांधीसागर धरणावरची चंबळ नदीची मूर्ती कोरडी वाटली असती. ४५ फुटांची ती आई दोन मुलांना जवळ घेऊन उभी आहे. मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. उंची आहे, पण तिला अर्थ येतो तो मुलांमुळे. खरा बदल झाला तो शिल्पातून दुसरा माणूस काढला गेला तेव्हा. चौथऱ्यावर एकटा नायक उरला.

जर्मन शिल्पकार केटे कोलविट्झने नेमकं उलट केलं. तिचा मुलगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. पहिल्या आराखड्यात मुलाचा देह होता, उशापायथ्याशी आईबाप. पुढे तिने देह काढून टाकला. १९३२ मध्ये दफनभूमीत बसवले ते फक्त गुडघे टेकलेले आईबाप: बापाने स्वतःलाच हातांनी आवळून धरलेलं, आई वाकलेली. नायक गेला, तरी शिल्प उणं पडलं नाही.

असा धरून ठेवणारा दुसरा माणूस आपणही पाहिला आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, गाझियाबादमधल्या इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्याबाहेर ऑक्सिजनचा लंगर लागला होता. गाडीच्या मागच्या सीटवर धापा टाकणारा रुग्ण, सिलिंडरपासून खिडकीतून आत गेलेली नळी आणि शेजारी त्याला धरून बसलेलं घरचं माणूस. तिकडे हिंडन नदीकाठच्या स्मशानात प्रेतं ताटकळत होती.

त्या दिवसांचं स्मारक कुणी उभारायचं ठरवलं, तर पीपीई घातलेला एकटा योद्धा हात उंचावून उभा राहील, ही भीती मला आहे. त्या योद्ध्यांचं ऋण मोठंच आहे. पण तो काळ एकट्याचा नव्हता. म्हणून स्मारक समित्यांनी उंची ठरवण्याआधी शिल्पात दुसरं कोण आहे ते ठरवावं. दुसरं कुणी नसेल, तर तो गौरव असेल. त्याला शोक म्हणू नये.