सत्तावन्नाव्या वर्षी उघडलेला पडदा

७ जानेवारी १९५५ची रात्र. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात वर्दीच्या ‘उन बालो इन मास्केरा’चा दुसरा प्रवेश सुरू झाला. पडदा वर गेला तेव्हा उल्रिका ही भविष्य सांगणारी बाई जादूचा काढा ढवळत उभी होती. तिला पाहताच नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला आणि तो थांबेना. अजून तिने एक सूरही लावला नव्हता. उल्रिकेच्या वेषात मेरियन अँडरसन होत्या; १८८३पासून चालत आलेल्या या रंगमंचावर प्रमुख भूमिका गाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत.

त्या रात्रीबद्दल अँडरसन यांनी आत्मचरित्रात जे लिहिले, ते अभिनंदनाच्या लेखांत क्वचितच येते. टाळ्यांनी त्यांना बळ आले नाही. त्या थरथरत होत्या, आतून आखडून गेल्या. पुढे गाताना त्यांनी गरजेपेक्षा जास्त जोर लावला. आपले सर्वोत्तम गाणे त्या दिवशी झाले नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे.

ही नम्रता नव्हे, गाणाऱ्याचा कान आहे. बाहेर इतिहास घडत होता, कानाला मात्र सुटलेला सूर ऐकू येत होता. आपल्याकडच्या गवयाला निदान सावकाश आलापीत आवाज तापवून घ्यायची मुभा असते. उल्रिकेला ती नाही. या ऑपेरात तिच्या वाट्याला एकच प्रवेश येतो, आणि त्यात शिरताच तिला थेट मंत्रच म्हणायचा असतो.

पण खरी कळ आणखी मागे आहे. अँडरसन तेव्हा ५७ वर्षांच्या होत्या. शतकातून एखादाच असा आवाज ऐकायला मिळतो, असे वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी म्हणाले ते १९३५मध्ये, साल्झबुर्गला. तो आवाज युरोप गाजवत होता, तेव्हा मायदेशातल्या ऑपेराचे दार बंद होते. १९३९मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने त्यांना वर्णामुळे जागा नाकारली; मग त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायल्या आणि पाऊण लाख लोक ऐकायला आले. त्या सभेची छायाचित्रे आजही छापली जातात. त्यानंतरही मेट्रोपॉलिटनच्या निमंत्रणाला जवळजवळ १६ वर्षे लागली.

रुडॉल्फ बिंग या व्यवस्थापकाने धैर्य दाखवले, हे श्रेय त्याचे त्याला द्यायलाच हवे. तरीही उशीर ही साधी गोष्ट नाही. चित्र तळघरात वाट पाहू शकते, हस्तलिखित कपाटात राहू शकते. आवाज शरीरात राहतो आणि शरीराबरोबर म्हातारा होतो. सन्मान उशिरा देणारी संस्था स्वतःची पाटी पुसून घेते. गेलेली वर्षे मात्र गायिकेच्या खात्यात परत जमा होत नाहीत. आणि भूमिका तरी कुठली मिळाली? वर्दीच्या बोस्टनमधल्या कथानकात उल्रिका मुळातच कृष्णवर्णीय आहे, आणि तिला हद्दपार करायला निघालेला न्यायाधीश तिच्या रक्तालाच नावे ठेवतो. दार उघडले, तेही एवढेच.

असे असताना अँडरसन यांनी कृतज्ञ हसावे आणि गप्प बसावे, अशी जगाची अपेक्षा होती. त्या हसल्या, कृतज्ञही होत्या. त्यांची आई प्रेक्षकांत बसली होती. तो आनंद खोटा नव्हता. पण लिहायची वेळ आली तेव्हा आपले गाणे कमी पडले, हेही त्यांनी लिहून ठेवले. त्यांच्या नावाने टाळ्या वाजवणाऱ्यांनी ते पान वाचायला हवे.

वीस दिवसांनी, २७ जानेवारीला, रॉबर्ट मॅकफेरिन हे कृष्णवर्णीय गायक ‘आयदा’मध्ये त्याच रंगमंचावर उभे राहिले. बरोबर सहा वर्षांनी, १९६१च्या २७ जानेवारीला, तिथे कृष्णवर्णीय गायिका लिओन्टीन प्राइस पहिल्यांदा गायल्या. मिसिसिपीत लहान असताना त्यांनी अँडरसन यांचे गाणे प्रत्यक्ष ऐकले होते. ‘इल त्रोव्हातोरे’त नायिका म्हणून त्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे वय ३३ होते.