मतदान आणि चार अगती



ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, विहारात वंदना घेणे हा धम्म आणि मत देणे हे राजकारण. या दोहोंचा संबंध काय? ज्या कुटुंबांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्यांच्या मनात तर हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर तथागतांच्या संघातच आहे.

संघात वाद उत्पन्न झाला आणि एकमत होईना, तर भिक्खू मते घेत. त्यासाठी शलाका, म्हणजे लाकडाच्या काड्या, वापरीत. या शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा, हे विनयपिटकात सांगितले आहे : छंद, दोस, मोह आणि भय या चार अगतींच्या आहारी न जाणारा. अगती म्हणजे जिकडे पाऊल टाकू नये अशी वाट. याच चार वाटा तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रालाही सांगितल्या. म्हणजे हा उपदेश केवळ चीवरधारींसाठी नाही, तुमच्या-माझ्यासारख्या संसारी माणसांसाठीही आहे. संघाला गणपूर्ती, ठराव आणि मतमोजणी ठाऊक होती, याची आठवण परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेला करून दिली होती.

मत देण्यापूर्वी प्रत्येकाने या चार वाटा तपासून पाहाव्यात.

पहिली वाट छंदाची. छंद म्हणजे आपल्या माणसाची ओढ. भावकीतला आहे, सोयरा आहे, म्हणून मत द्यायचे. पण तो माणूस बोलतो कोणाच्या तोंडाने? १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की, गावात मूठभर असलेल्या आपल्या लोकांना नुसता मताधिकार पुरणार नाही, राखीव जागा हव्यात. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभरातील पंचायतींत त्या संविधानानेच दिल्या. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा हक्क दीक्षेने जात नाही, हे १९९० च्या कायद्याने स्पष्ट केले आहे. जातवैधता प्रमाणपत्र मात्र वेळेवर काढून ठेवावे. एवढ्या कष्टाने मिळालेल्या जागेवर गावातील बडे लोक आपल्यातलाच एखादा नरम माणूस उभा करतात आणि त्याचा अंगठा आपल्या हाती ठेवतात. महिलेच्या जागेवर बाई निवडून येते आणि खुर्चीवर नवरा बसतो. म्हणून 'आपला आहे का' एवढेच विचारू नका. 'आपल्यासाठी उभा राहून बोलेल का' हे विचारा.

दुसरी वाट दोसाची, म्हणजे द्वेषाची. बांधावरून, लग्नातल्या मानपानावरून, विहाराच्या वर्गणीवरून वस्तीत दोन तट पडतात. मग कोणाला निवडून आणायचे यापेक्षा कोणाला पाडायचे याचीच चर्चा. वस्तीचे भांडण वस्तीत मिटवावे. ते मतदान यंत्रापर्यंत नेले तर फायदा तिसऱ्याचाच होतो.

तिसरी वाट मोहाची. आदल्या रात्री मटण शिजते, बाटल्या येतात, घरोघरी पाकिटे फिरतात. मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या हातांनी ती बाटली घ्यायची का? मी शिक्षक आहे, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. पाचशे रुपयांना मत विकले, तर पाच वर्षांच्या १,८२५ दिवसांत दिवसाला सुमारे सत्तावीस पैसे पडतात. एवढ्यावर पाणी, रस्ता, घरकुल सारे सोडून द्यायचे? शिवाय कायद्याने लाच देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. काही गावांत तर सरपंचपदाचाच लिलाव बोलला जातो आणि त्याला 'बिनविरोध' असे गोंडस नाव देतात. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये याच कारणाने रद्द केल्या. लिलावात ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला आवाजच नसतो. आपण कोणत्या बाजूला असू, हे सांगायला नको.

चौथी वाट भयाची, आणि सर्वांत कठीण तीच. ज्याच्या शेतात मजुरीला जातो, ज्याची उसनवारी डोक्यावर आहे, त्याच्या मर्जीविरुद्ध मत कसे द्यावे? ही भीती खोटी नाही. तिला भित्रेपणा म्हणणारा उपाशी राहिलेला नसतो. पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. मत गुप्त असते. कोणाचे बोट कोणत्या बटणावर पडले, हे यंत्र कोणालाही सांगत नाही. आणि अनुसूचित जातीच्या मतदाराला अमुकालाच मत दे किंवा मत देऊ नको म्हणून धमकावणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही कायदा चूल पेटवून देत नाही. एखाद्याची मजुरी तुटली तर वस्तीने त्याच्या घरी धान्य पोहोचवावे. मैत्री म्हणतात ती हीच.

हक्क बजावण्याची तयारीही करावी लागते. प्रभागाची प्रारूप यादी लागली की घरातील प्रत्येकाचे नाव पाहा. चूक असेल तर मुदतीत हरकत घ्या. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींची आणि नव्या सुनांची नावे वेळीच घाला. प्रभागात जितक्या जागा तितकी मते, आणि सरपंच थेट निवडायचा असेल तर त्याचे मत वेगळे, हे म्हाताऱ्या माणसांना आधी समजावून सांगा. एकही उमेदवार लायक वाटला नाही, तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणही आहे.

आणि मत देऊन कर्तव्य संपत नाही. वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात ना, असे तथागतांनी आनंदाला विचारले होते. जोवर ते जमतील तोवर त्यांची उन्नतीच होईल, हानी नाही, असे ते म्हणाले. आपल्याला जमण्यासाठी ग्रामसभा आहे. महाराष्ट्रात ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते, आणि तिच्याआधी महिलांची स्वतंत्र सभा. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्चावेत असा नियम आहे. तो पैसा कोठे गेला, हे तुमच्या गावात शेवटचे कोणी विचारले? पुढच्या ग्रामसभेला पाच घरांतील पाच माणसे मिळून जा, त्यांत दोन तरी भगिनी असू द्या, आणि हा एकच प्रश्न विचारा.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी आपल्यासाठी मताधिकार मागितला, तेव्हा मत जमीनमहसूल आणि कर भरणाऱ्यांपुरते होते. आज ते भूमिहीनाच्याही हाती आहे. येत्या निवडणुकीपूर्वी वस्तीतील सर्वांनी विहारात एकत्र बसावे, त्रिशरण-पंचशील घ्यावे आणि या चार वाटांवर पाऊल न टाकण्याचा निश्चय करावा.

भवतु सब्ब मंगलं.